बाहुल्यांचे दौत्य

इतिहासाच्या तासाला एखादा विद्यार्थी असा काही प्रश्न विचारतो की, हातातील पुस्तक मिटून ठेवावे आणि काही दिवस त्या प्रश्नाच्याच संगतीत राहावे असे वाटते. नववीच्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा पाठ चालू असता आम्ही ओघाने १९२७ सालची एक हकीकत सांगितली. त्या वर्षी अमेरिकेतील मुलांनी जपानी मुलांकडे बारा हजारांवर बाहुल्या भेट म्हणून पाठविल्या; जपानी मुलींनी त्याची परतफेड म्हणून अठ्ठावन्न बाहुल्या अमेरिकेस रवाना केल्या; आणि पुढे चौदाच वर्षांनी त्या दोन राष्ट्रांत घनघोर युद्ध जुंपले. हकीकत संपली तशी मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "मग सर, त्या बाहुल्यांचा उपयोग काय झाला?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, पण उत्तर दिले नाही, कारण ते आमच्याजवळ नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे.

'आंतरराष्ट्रीय स्नेहसंवर्धन', 'सांस्कृतिक देवाणघेवाण' हे शब्द समारंभांतून इतक्या वेळा कानांवर पडतात की त्यांचा अर्थ तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आपण शिक्षक मंडळीही मुलांकडून परदेशी मित्रांना पत्रे लिहून घेतो, निरनिराळ्या राष्ट्रांचे पोशाख चढवून त्यांना रंगमंचावर उभे करतो आणि काहीतरी चांगले घडले अशा समाधानात घरी जातो. या प्रयत्नांतून काय साधते व काय साधत नाही, हे पारखून घेण्यास बाहुल्यांच्या या प्रकरणासारखे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही. त्यात सद्भाव होता, व्यवस्थित योजना होती, उभय पक्षी थोर माणसे होती. आणि पुढे सर्वांची अग्निपरीक्षाही झाली.

अमेरिका व जपान यांचा संबंध १८५३ साली कमोडोर पेरीच्या युद्धनौकांनी सुरू झाला आणि पुढल्याच वर्षी तह होऊन जपानची बंद दारे उघडली. त्यानंतरची पन्नास वर्षे बऱ्याच अंशी सलोख्याची गेली. बेबनावास आरंभ झाला तो जपानी मजूर आणि शेतकरी हवाई बेटांतून व स्वदेशातून कॅलिफोर्नियात उतरू लागले तेव्हा. ही माणसे कष्टाळू व काटकसरी. पडीक जमिनीतून भाजीपाला व फळे काढावी आणि चार पैसे गाठीस बांधावे, हा त्यांचा गुन्हा. आम्हां शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, दोन राष्ट्रांतील या कलहाची पहिली मोठी ठिणगी पडली ती शाळेत. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने व त्यामागून लागलेल्या आगीने उद्ध्वस्त झाले. जपानने त्या शहरास सढळ हाताने मदत पाठविली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तेथील शिक्षण मंडळाने हुकूम काढला की, जपानी मुलांनी गोऱ्या मुलांच्या शाळा सोडून पौर्वात्यांसाठी राखलेल्या वेगळ्या शाळेत जावे. शहरात अशी जपानी मुले होती अवघी ९३! या त्र्याण्णव मुलांपायी टोकिओत संतापाची लाट उसळली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना स्वतः मध्ये पडावे लागले. १९०७ मध्ये तो हुकूम मागे घेण्यात आला. मोबदल्यात जपानने आपल्या मजुरांना अमेरिकेची पारपत्रे न देण्याचे मान्य केले.

पण दुखणे बरे झाले नव्हते. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने जपान्यांस शेतजमिनीची मालकी नाकारणारा कायदा केला. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जपानी माणूस 'गौरवर्णीय' नसल्यामुळे त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नाही. पुढच्याच वर्षी भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हाच निवाडा हिंदी लोकांनाही लागू केला. थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झालेले होते, तरी त्याचा उपयोग झाला नाही. जपान्यांसाठी जे दार लोटले गेले ते आपल्यासाठीही लोटले गेले होते, हे येथे विसरता येत नाही.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकिओ व योकोहामा ही शहरे भूकंपाने आणि आगीने बेचिराख झाली. लाखावर माणसे मृत्युमुखी पडली. या वेळी अमेरिकेने मदतीस धाव घेतली. जहाजे भरभरून धान्य, औषधे व कपडे आले, जनतेने वर्गणी जमवली आणि जपानी माणूस गहिवरला. ते डोळे पुरते कोरडे झाले नाहीत तोच, २६ मे १९२४ रोजी, अमेरिकेत परदेशीयांच्या वसाहतीसंबंधीचा नवा कायदा झाला. ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशांना वसाहतीसाठी देशात येण्यास त्याने बंदी केली. जपानचे नाव कायद्यात कोठेही नव्हते. आदल्या निकालामुळे ते घेण्याची गरजच उरली नव्हती. इतर राष्ट्रांप्रमाणे प्रमाण ठरवून दिले असते, तर जपानच्या वाट्यास वर्षाकाठी जेमतेम दीडशे माणसे आली असती. तेव्हा प्रश्न संख्येचा नव्हता, मानाचा होता. संकटात हात देणारा शेजारी एरवी आपल्याला ओसरीवरही बसू देत नाही, हा त्याचा अर्थ जपानने घेतला. आणि तो चुकीचा होता असे म्हणवत नाही.

ही जखम भरून काढण्याची कल्पना ज्यांना सुचली ते सिडनी गुलिक हे मिशनऱ्यांच्या घराण्यात १८६० साली मार्शल बेटांत जन्मले. १८८८ ते १९१३ अशी पंचवीस वर्षे त्यांनी जपानमध्ये काढली, क्योतो येथील दोशिशा विद्यापीठात अध्यापन केले आणि जपानी भाषेत व्याख्याने देण्याइतके प्रभुत्व मिळविले. मायदेशी परतल्यावर तेथील जपानद्वेष पाहून ते अस्वस्थ झाले. १९१४ मध्ये पुस्तक लिहून त्यांनी सुचविले की, बाहेरून येणाऱ्यांवर मर्यादा घालायचीच तर सर्व राष्ट्रांना एकाच प्रमाणाचा नियम लावावा. वर्णावरून भेद करू नये. दैवाचा खेळ असा की, प्रमाणाचे तत्त्व पुढे अमेरिकेने स्वीकारले आणि समानतेचे तेवढे वगळले! गुलिक यांच्या पदरी मात्र 'जपानचा हस्तक' हे दूषण आले. कायदा आता लौकर बदलत नाही हे ओळखून त्यांनी आपला मोर्चा प्रौढांकडून मुलांकडे वळविला. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट चर्चच्या महासंघाच्या आश्रयाने १९२६ मध्ये मुलांच्या विश्वमैत्रीसाठी एक समिती त्यांनी स्थापन केली आणि पहिला उपक्रम जपानसाठी योजिला.

त्यासाठी त्यांनी निवडलेले निमित्त त्यांच्या जपानच्या ज्ञानाची साक्ष देते. ३ मार्च हा जपानमध्ये 'हिना-मात्सुरी' म्हणजे बाहुल्यांचा सण. घरोघर तांबड्या वस्त्राने आच्छादलेल्या पायऱ्या मांडतात, सर्वांत वर सम्राट-सम्राज्ञीची जोडी आणि खाली दरबारी, वादक, सेवक अशा बाहुल्या उतरत्या क्रमाने बसवितात, आणि घरच्या मुलींच्या आयुरारोग्याची प्रार्थना करतात. चैत्रगौरीपुढे ज्यांनी बालपणी आरास मांडली आहे त्या आमच्या वाचकांस या सणाचे रूप वेगळे समजावून सांगावयास नको. घरची ठकी काय किंवा जपानची हिना काय, बाहुलीशी बोलण्याची भाषा सर्व मुलींना उपजतच येते, या साध्या सत्यावर गुलिक यांनी आपली योजना उभारली.

जपानमध्ये त्यांना जे सहकारी मिळाले त्यांचे चरित्र एखाद्या कादंबरीस शोभावे असे आहे. शिबुसावा एइची हे १८४० साली शेतकऱ्याच्या घरी जन्मले. तेविसाव्या वर्षी, परकीयांच्या आगमनाने पेटून उठलेल्या तरुणांच्या एका टोळीत सामील होऊन, योकोहामा येथील परदेशीयांची वस्ती जाळून टाकण्याचा बेत त्यांनी रचला होता. तो बेत रहित झाला. पुढे १८६७ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने ते पॅरिसला गेले, आणि युरोप पाहून परतलेल्या या गृहस्थाने जपानमधील पहिल्या आधुनिक बँकेसह शेकडो उद्योगांच्या उभारणीस हात लावला. आपल्या मुंबईशीही त्यांचे नाते आहे: १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले असता कापसाच्या वाहतुकीतील ब्रिटिश जहाज कंपनीची मक्तेदारी मोडण्यासाठी या दोघांनी हातमिळवणी केली, आणि त्याच वर्षी एका जपानी कंपनीची मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली. १९०९ मध्ये उद्योगपतींचे शिष्टमंडळ घेऊन शिबुसावा अमेरिकाभर हिंडले होते. १९२४ च्या कायद्याने ते अतिशय व्यथित झाले. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांची मुद्रा आहे. पण आम्हांस ती नोट पाहताना आठवतात ते, वयाची शहाऐंशी वर्षे पूर्ण केलेले आणि परदेशी बाहुली हातात धरलेले वृद्ध शिबुसावा. जे बंदर एके काळी जाळावयास ते निघाले होते त्याच बंदरात उतरलेल्या पाहुण्यांचे स्वागत करण्याचे काम आता त्यांनी अंगावर घेतले होते.

अमेरिकेत या उपक्रमाने चांगलाच वेग घेतला. शाळांतून, चर्चच्या रविवारच्या वर्गांतून, वीरबालांच्या पथकांतून मुलांनी पैसे जमवून सुमारे तीन डॉलर किमतीची एकेक बाहुली घेतली. आडवी केली की डोळे मिटावे आणि कलती केली की 'मामा' असा आवाज काढावा, अशी तिची करामत. तिचे कपडे मुलींनी व त्यांच्या आयांनी घरी शिवले. प्रत्येकीला नाव दिले, बरोबर मुलांचे पत्र दिले. आणि प्रत्येकीसाठी प्रवासाचे तिकीट, पारपत्र व जपानचा व्हिसाही तयार केला. ही बाहुली जपानचे कायदे आणि रीतिरिवाज पाळील, अशी ग्वाही त्या पारपत्रात होती. अशा एकूण १२,७३९ बाहुल्या जपानला पोहोचल्या. ३ मार्च १९२७ रोजी टोकिओत थाटाचा स्वागतसमारंभ झाला. अमेरिकन मुलीच्या हातून जपानी मुलीने बाहुली स्वीकारली. निळ्या डोळ्यांच्या अमेरिकन बाहुलीविषयीचे एक बालगीत १९२१ पासूनच जपानी मुलांच्या तोंडी होते. त्यामुळे पाहुण्या येण्याच्या आधीच त्यांचे गाणे तयार होते, असा दुर्मिळ योग जुळून आला. पुढे शिक्षण खात्यामार्फत या बाहुल्या देशभरच्या प्राथमिक शाळांत व बालकमंदिरांत वाटण्यात आल्या. सर्व शाळांना पुरतील एवढ्या त्या नव्हत्या. ज्या शाळेत एक आली तेथे तो दिवस सणाचा झाला.

परतफेड झाली ती जपानी रीतीने, म्हणजे संख्येने थोडी आणि गुणाने अपूर्व. ज्या शाळांना बाहुल्या मिळाल्या तेथील मुलींनी एकेक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, अशी वर्गणी दिली आणि त्यातून ५८ बाहुल्या घडविण्यात आल्या. प्रत्येक प्रांताची एक, सहा मोठ्या शहरांची एकेक, साम्राज्यातील बाहेरच्या प्रदेशांच्या चार आणि सबंध जपानच्या नावाची एक, असा तो मेळा होता. अडीच फुटांहून अधिक उंची, लाकडाच्या भुशाच्या घडणीवर शिंपल्यांची वस्त्रगाळ पूड सरसात खलून थरावर थर चढविलेली कांती, खरे केस, रंगविलेल्या रेशमाचे लांब बाह्यांचे किमोनो, आणि सोबत छोट्या पेट्या, दिवे, चहाचा सरंजाम. हे काम करणाऱ्या कारागिरांत चोवीस वर्षांचा हिराता गोयो होता. याच कलेसाठी पुढे १९५५ मध्ये जपान सरकारने त्याचा राष्ट्राचे जिवंत कलाधन म्हणून गौरव केला. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'तेन्यो मारू' या जहाजातून या अठ्ठावन्न जणी योकोहामाहून निघाल्या आणि त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोस उतरल्या. नंतर गावोगावच्या स्वागतसभांचा त्यांचा प्रवास झाला आणि शेवटी निरनिराळ्या राज्यांतील संग्रहालयांत व ग्रंथालयांत त्यांनी मुक्काम केला.

येथपर्यंतची कथा गोड आहे, आणि बहुतेक सांगणारे येथेच थांबतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तिच्यातील दोन गाठी सोडविल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली गाठ पारपत्रांची. ज्या बंदरात जपानी बाहुल्यांचे सत्कार झाले त्याच उपसागरात एंजल बेटावर परदेशीयांच्या तपासणीचे ठाणे होते. १९१० ते १९४० या काळात आशियातून आलेली हजारो माणसे तेथे अडकवून ठेवली गेली. शिंपल्याच्या पुडीच्या मुलीला किनाऱ्यावर फुले मिळाली; हाडामांसाच्या जपानी मुलीला वसाहतीसाठी त्याच किनाऱ्यावर उतरण्याची मनाई होती. बाहुलीला जो मान मिळाला तो माणसाला मिळाला नाही, आणि समारंभात भाषणे करणाऱ्या कित्येकांना ही विसंगती जाणवलीही नसावी. गुलिक यांना ती निश्चित जाणवत होती. बाहुल्यांनी मने वळतील आणि वळलेली मने उद्या कायदा वळवितील, हा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. कायदा होता तसाच राहिला.

दुसरी गाठ जपानच्या पदरातील आहे. त्या अठ्ठावन्नांत कोरिया व तैवान यांच्या नावाच्याही बाहुल्या होत्या. हे प्रदेश जपानने जिंकून घेतलेले. अमेरिकेकडे जी बरोबरी जपान मागत होता ती आपल्या अंमलाखालील कोरियन माणसास देण्यास तो तयार नव्हता. स्वतःवरील अन्यायाने माणूस न्यायी होतोच असे नाही, हा इतिहासातील कटू धडा येथेही आहे.

पुढील घटना वेगाने घडत गेल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी सैन्याने मांचुरियात पाऊल टाकले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शिबुसावा निवर्तले. १९३७ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाले आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर बाँब पडले. १९२७ साली सात वर्षांचा असलेला मुलगा त्या दिवशी एकवीस वर्षांचा, म्हणजे नेमका शिपायाच्या वयाचा झालेला होता.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काढलेल्या हुकुमान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत जावे लागले. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. छावण्यांतील शाळांतून त्यांची मुले रोज सकाळी अमेरिकेच्या ध्वजास वंदन करीत. संग्रहालयांतील जपानी बाहुल्यांपैकी बऱ्याच जणी या काळात काचेच्या कपाटांतून उचलून अडगळीच्या खोल्यांत ठेवण्यात आल्या. पण बहुतेक सुरक्षित राहिल्या. म्हणजे बाहुल्या सांभाळल्या गेल्या आणि माणसे कुंपणात गेली.

जपानमध्ये बाहुल्यांवरच पाळी आली. बरोबर एक वर्षाने, १९ फेब्रुवारी १९४३ रोजी, 'माइनिची' या मोठ्या वृत्तपत्राने उत्तरेकडील अओमोरी प्रांतातील एका शाळेची बातमी छापली. अमेरिकन बाहुलीचे काय करावे, असा प्रश्न तेथील वरच्या वर्गांतील ३३६ मुलांना विचारण्यात आला होता. १३३ मुलांनी म्हटले, जाळून टाका. ८९ म्हणाली, फोडून टाका. ४४ म्हणाली, परत पाठवा. ३३ म्हणाली, समुद्रात फेका. ३१ मुलांचे मत असे की, सर्वांच्या नजरेसमोर ठेवावी आणि रोज छळावी. पाच जणांनी तिच्या खांद्यावर पांढरे निशाण देऊन ती मांडून ठेवण्यास सांगितले आणि एकाने ती शत्रूची हेर आहे असे समजून सावध राहण्यास. अशा बातम्यांनी हवा तापली. कोठे वरिष्ठांच्या सूचनेवरून, कोठे लष्करी अधिकाऱ्याच्या धाकाने, तर कोठे केवळ वाऱ्याची दिशा ओळखून शाळाशाळांतून बाहुल्या बाहेर काढण्यात आल्या. मुलांच्या देखत पटांगणांत त्यांची होळी झाली. काही ठिकाणी बांबूच्या भाल्यांनी त्यांना भोसकण्यात आले.

या आकड्यांपाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. शिक्षकाच्या दृष्टीने सबंध प्रकरणाचे मर्म येथे आहे. १९२७ मध्ये याच वयाच्या मुलांनी गाणी म्हणून त्या बाहुलीचे स्वागत केले होते. सोळा वर्षांत मूल बदलले नव्हते. फळ्यावरचा पाठ बदलला होता. जाळा म्हणणारी १३३ मुले जन्मतः क्रूर नव्हती. आपले गुरुजी कोणत्या उत्तराची वाट पाहत आहेत हे त्यांनी अचूक ओळखले होते. मुलांना उत्तर येते की नाही हे पाहण्यासाठी आपण प्रश्न विचारतो असे आपण मानतो. खरे पाहता पुष्कळदा प्रश्नाच्या स्वरातच आपण त्यांच्या हाती उत्तर दिलेले असते.

तथापि सर्वच बाहुल्या जळाल्या नाहीत. काही शाळांत कोणी शिक्षिकेने, कोणी मुख्याध्यापकाने, कोणी शिपायाने बाहुली उचलली आणि जुन्या कपाटाच्या पाठीमागे, माळ्यावर, सामानाच्या पेटीत दडवून ठेवली. कोणी ती घरी नेली. कवडीमोलाच्या खेळण्यासाठी 'देशद्रोही' ठरण्याचा धोका त्यांनी पत्करला. ही माणसे युद्धविरोधी पुढारी नव्हती. त्यांतील बहुतेकांनी वर्गात युद्धाचे पाठही शिकविले असतील. पण निरपराध वस्तूस मुलांच्या डोळ्यांदेखत छळावयाचे, ही एक पायरी उतरण्यास त्यांचे मन धजले नाही. लक्षात घेण्याजोगे असे की, युद्ध संपल्यावरही या बाहुल्या लगेच बाहेर आल्या नाहीत. १९४३ साली त्यांना झाकून ठेवले ते भीतीने. पुढे त्या झाकलेल्याच राहिल्या त्या संकोचाने. जिथे बाहुली वाचली त्या शाळेस शेजारच्या शाळेतील होळी आठवणे भाग होते. गुलिक हे तर डिसेंबर १९४५ मध्येच वारले.

१९७३ मध्ये जपानी नभोवाणी-संस्था एनएचके हिने गुन्मा प्रांतातील एका शाळेत जपून राहिलेल्या बाहुलीची कथा दूरदर्शनावर दाखविली, तेव्हा गावोगावच्या लोकांना आठवण झाली. कपाटे उघडली, माळे झाडले गेले आणि एकेक बाहुली उजेडात येऊ लागली. बारा हजारांपैकी तीनशेहून काही अधिक सापडल्या. अमेरिकेतही शोध सुरू होऊन अठ्ठावन्नांपैकी चाळीसहून अधिक जणींचा ठावठिकाणा लागला. गावोगावच्या मिरवणुकांत त्यांच्या बैठका व सामान यांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे एका प्रांताची कन्या दुसऱ्याच प्रांताच्या नावाने उभी आहे असेही आढळले. पुढे कित्येकींना दुरुस्तीसाठी जपानला नेले गेले आणि त्यांच्या जन्मप्रांतांत माहेरवाशिणीसारखे त्यांचे स्वागत झाले. १९८६ पासून गुलिक यांच्या नातवाने आजोबांचे व्रत उचलून जपानी शाळांना नव्या बाहुल्या पाठविण्यास प्रारंभ केला.

कायदाही बदलला, पण बाहुल्यांच्या गतीने नव्हे. १९५२ मध्ये अमेरिकेत नागरिकत्वाच्या वाटेतील वर्णाची अट नाहीशी झाली. १९६५ मध्ये राष्ट्रानुसार ठरविलेले जुने प्रमाण रद्द झाले. आणि छावण्यांत डांबलेल्यांची क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्याचा कायदा १९८८ मध्ये झाला. हे साधले ते न्यायालयांत झगडणाऱ्या, अर्ज करणाऱ्या आणि अमेरिकेच्या सैन्यात लढूनही मायबापांना कुंपणात पाहणाऱ्या जपानी-अमेरिकनांच्या चिकाटीने.

तर मग बाहुल्यांचा उपयोग काय झाला? युद्ध टाळण्याच्या कामी काहीही नाही, हे प्रथम स्वच्छ मान्य केले पाहिजे. कायद्याने केलेला अपमान खेळण्याने भरून येत नाही. बापाला दारातून हाकलून मुलाच्या हातावर खाऊ ठेवला, तर मूल तेवढ्यापुरते हसेल. पण मोठेपणी त्याला खाऊ आठवणार नाही, बापाचा चेहरा आठवेल. ज्या दोन समाजांत समानता नाही त्यांच्यातील सांस्कृतिक देवाणघेवाण ही आरास आहे. सण सरला की पायऱ्या मोडतात. स्नेहसंमेलने भरविणाऱ्या आपणां सर्वांस हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पण एवढ्यावर हिशेब मिटत नाही. त्या बाहुल्या शाळेत आल्या नसत्या, तर १९४३ साली त्या शिक्षकांना 'शत्रू' ही केवळ भिंतीवरच्या भित्तिपत्रकातील आकृती राहिली असती. बाहुलीमुळे तिला नाव मिळाले होते, कोणा अनोळखी आईने शिवलेला झगा मिळाला होता. म्हणून हाताला थांबण्याचे कारण मिळाले. बारा हजारांतून तीनशे वाचल्या. म्हणजे पुष्कळ हात थांबले नाहीत आणि काही थोडे थांबले. मैत्रीच्या उपक्रमातून एवढेच हाती लागते: वाईट काळात कोणातरी एकट्याला 'नाही' म्हणण्यास निमित्त. ते थोडे आहे, पण पुढे उभयतांना पुन्हा बोलावयास आरंभ करायचा असतो तेव्हा त्या थोड्यातूनच करावा लागतो.

हे लिहीत असता आमच्याच कपाटाची आठवण आम्हांस टाळता आली नाही. आमचे गाव सीमेवरचे. मराठी आणि कानडी शाळांच्या भिंती येथे लागून आहेत. आमच्या शाळेच्या एका समारंभात शेजारच्या कानडी शाळेने सरस्वतीची एक तसबीर भेट दिली होती. खाली कानडी अक्षरांत शुभेच्छा होत्या. पुढे एका वर्षी गावातील वातावरण तापले आणि काही भल्या गृहस्थांनी सुचविले की, ती तसबीर काही दिवस भिंतीवर नसली तर बरे. आम्ही ती स्वतः उतरवून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. ती फुटू नये म्हणून ठेवली, असे आम्ही मनाशी म्हणत आलो, आणि ते खोटे नाही. परंतु वातावरण निवळून बरीच वर्षे झाली तरी तसबीर कपाटातच राहिली. त्याला मात्र आमच्याजवळ कारण नाही.

गेल्या सोमवारी ती बाहेर काढून पूर्वीच्या खिळ्यास लावली. काचेवर एक तडा आहे. नववीचा वर्ग मधल्या सुटीत पाहावयास जमला, तेव्हा तोच प्रश्न विचारणाऱ्या मुलीने खालची अक्षरे वाचून दाखविली. तिला कानडी येते, हे आम्हांस त्या दिवशी कळले.